अनुभव धागा : जीवरक्षकाचा पहिला दिवस आणि त्याआधीची तयारी

उन्हाळी हंगाम सुरू होताच खानदेशातील तरण तलावांवर नवे जीवरक्षक रुजू होतात. आपल्याकडे समुद्र नाही, त्यामुळे हे काम कोकणातल्या लोकांचे, असा समज आहे; परंतु तापी, गिरणा आणि पांझरा यांचे डोह व शिवारातल्या विहिरी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तो समज किती घातक आहे हे ठाऊक असते. पहिल्या दिवसासाठी आपण कोणती तयारी केली आणि ती कुठे अपुरी पडली, हे ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी येथे मोकळेपणाने लिहावे.

जळगाव, तरण तलाव

चोपडा तालुक्यातल्या आमच्या विहिरीत मी पाठीला वाळलेला भोपळा बांधून पोहायला शिकलो, आणि पट्टीचा पोहणारा असल्यामुळे नोकरीसाठी वेगळी तयारी लागेल असे मला वाटले नव्हते. रुजू होण्याच्या आदल्या दिवशी ज्येष्ठ जीवरक्षकांनी मला उंच खुर्चीवर बसवले, स्वतः खोल भागात बुडी मारून तळाशी बसले आणि वर आल्यावर विचारले, "मी कुठे होतो?" मला सांगता आले नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास पश्चिमेचे ऊन पाण्यावर असे चमकत होते की तळाच्या फरश्यांच्या निळ्या रेघासुद्धा दिसत नव्हत्या. आम्ही खुर्ची हलवून दुसऱ्या बाजूला नेली, तेव्हा कुठे पूर्ण तळ दिसला.

आपल्या वाट्याच्या पाण्यावरून दहा सेकंदांत नजर फिरली पाहिजे आणि पुढच्या वीस सेकंदांत बुडणाऱ्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे, हा नियम त्यांनी मला घड्याळ लावून शिकवला. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, कारण त्याला श्वासच पुरत नसतो. तो पाण्यात उभा राहतो, डोके मागे कलते, तोंड पाण्याच्या पातळीवर खालीवर होते आणि हात बाजूला पाणी दाबत राहतात. पहिल्या दिवशी मी दंगा करणाऱ्या मुलांकडे पाहत होतो, आणि एक मुलगा अगदी गप्प झाला होता. तो कठड्यापासून हातभर अंतरावर होता म्हणून मी त्याला वाकूनच ओढून घेतले.

भुसावळ, महिलांची तुकडी

पहिल्या दिवशी मी पहाटे साडेपाचला पोहोचले, तेव्हा दोर आणि रिंग कपाटात कुलूपबंद होती व किल्ली ज्यांच्याकडे होती ते आठ वाजता येणार होते. सुदैवाने भिंतीला लांब बांबू टांगलेला होता आणि त्याच सकाळी नाकातोंडात पाणी गेलेल्या एका ताईंना मी त्या बांबूने काठाला आणले. तेव्हापासून साधने हाताशी असल्याशिवाय मी एकाही बाईला पाण्यात उतरू देत नाही, मग कोणी कितीही रागावले तरी चालेल.

शिरपूर तालुका, तापीकाठ

आमचे घराणे नावाड्यांचे. गणेश विसर्जनाच्या बंदोबस्तासाठी मला प्रथमच जीवरक्षक म्हणून नेमले, तेव्हा आजोबांनी एकच सांगितले : "आधी दोर फेक, मंग पाणीमा उतर." घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्याच गळ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आदल्या दिवशी आम्ही नावेतून बांबूने तळ चाचपला, कारण वर हतनूर धरणाचे ४१ दरवाजे आहेत आणि विसर्गानंतर गाळ सरकून गेल्या वर्षी गुडघाभर असलेली जागा यंदा पुरुषभर खोल झालेली असू शकते. जिथे बांबू तळाला लागला नाही, तिथे आम्ही लाल फडकी बांधली.

भडगाव

गिरणेत वाळू उपशाचे खड्डे असतात. वरून पाणी सपाट दिसते आणि पुढचे पाऊल एकदम खोलात जाते. तळ चाचपण्याविषयी वर जे लिहिले आहे, ते आमच्याकडे तर दर पुरानंतर करावे लागते.

धुळे, प्रथमोपचार प्रशिक्षक

बुडालेल्याला उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्याची पद्धत आपल्या गावांत अजून आहे, आणि त्यात मोलाची मिनिटे जातात. शिवाय पोटातले पाणी उलटून फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीच्या मध्यभागी ३० दाब आणि २ श्वास हा क्रम चालू ठेवावा; दाबाची गती मिनिटाला १०० ते १२० आणि मोठ्या माणसात खोली ५ ते ६ सेंटिमीटर असावी. दुसऱ्याने त्याच वेळी १०८ क्रमांकावर फोन लावावा. माझी कळकळीची विनंती आहे की नव्या मुलांनी पहिल्या दिवसाआधी हे सराव-पुतळ्यावर दोन मिनिटे अखंड करून पाहावे. दमलेल्या हातांचे दाब नकळत उथळ होतात, म्हणून दोन मिनिटांनी जोडीदाराने जागा घ्यायची, हेही आधीच ठरवून ठेवावे.

जळगाव, उद्या रुजू होणार

सर्वांचे लेखन मी दोनदा वाचले. सकाळी सहाची पहिली तुकडी माझ्याकडे आहे. शिटी, टोपी आणि पाण्याची बाटली पिशवीत ठेवली आहे; आईने दशम्या बांधून दिल्या आहेत, कारण मे महिन्याच्या उन्हात उपाशी बसू नये, असे ती म्हणते. मी कपाटाची किल्ली आजच मागून घेतली आहे आणि माझा मित्र साडेपाचला येऊन खोल भागाच्या तळाशी बसणार आहे.