मदत हवी आहे: ताईची डोकेदुखी पित्ताची, सायनसची, मायग्रेन की गोळ्यांमुळेच?

नमस्कार. माझ्या मोठ्या बहिणीबद्दल विचारायचं आहे. ताई चाळिशीतली, साताऱ्याला शाळेत शिकवते. तिच्या डोकेदुखीला आमच्याकडे सगळे पित्ताचं डोकं म्हणतात. उलटी झाली की उतार पडतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. मोरावळा, कोकम, आम्लपित्ताच्या गोळ्या सगळं करून झालं. मध्ये कुणीतरी सायनस म्हणालं, पण कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही.

गेले काही महिने मी नीट लक्ष ठेवलंय आणि मला वाटतं, तिला दोन वेगवेगळी दुखणी आहेत.

एक जुनं, कॉलेजपासूनचं. डावं कानशील ठणकायला लागतं, मळमळतं, फोडणीचा वास आणि कुकरची शिट्टी अजिबात सहन होत नाही. जिना चढली तरी ठणका वाढतो. मग ओढणी कपाळावर करकचून बांधून, पडदे ओढून पडून राहते, कधी कधी थेट दुसऱ्या दिवसापर्यंत. पाळीच्या आधी, उन्हातून आल्यावर हे होतंच. संकष्टीला तर चंद्रोदयाच्या आतच डोकं धरलेलं असतं. क्वचित आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात.

दुसरं गेल्या वर्षभरातलं. सकाळी उठल्यापासूनच सगळं डोकं जड. उलटी नाही, ठणका नाही, पण दिवसभर सुटकाही नाही. यासाठी ती मेडिकलमधून कॅफिनवाली गोळी आणते. पट्टी कायम पर्समध्ये. महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस गोळी होतेच. दोन-तीन तास बरं वाटतं, की परत सुरू.

हे दुसरं दुखणं गोळ्यांनीच होत असेल का? गोळ्या एकदम बंद केल्या तर चालेल? एमआरआय करून घ्यावा का? तिला दमा आहे, इन्हेलर चालू आहे, म्हणून जास्त काळजी वाटते.

प्रतिसाद

मी जनरल प्रॅक्टिस करते. न तपासता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलेलं पहिलं दुखणं मायग्रेनशी, म्हणजे अर्धशिशीशी, चांगलंच जुळतं. उपचार न घेतल्यास तो झटका 4 ते 72 तास टिकू शकतो. मळमळ आणि उलटी हा मायग्रेनचाच भाग असतो, आणि उलटीनंतर अनेकांचा झटका ओसरतो. म्हणून पित्तावर खापर फुटतं.

दुसऱ्याबद्दलची तुमची शंका रास्त आहे. मुळात डोकेदुखी असलेल्या माणसाने तीन महिन्यांहून जास्त काळ साधं पॅरासिटामॉल महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस घेतलं, तर औषधच डोकं दुखवू लागतं. कॅफिनवाल्या मिश्र गोळ्यांना तर 10 दिवसही पुरतात. साध्या वेदनाशामकांसारख्या या गोळ्याही बहुधा एकदम थांबवता येतात, पण सुरुवातीचे काही दिवस, कधी आठवडाभरही, दुखणं वाढतं. सुट्टी बघून आणि डॉक्टरांशी बोलूनच करा. गोळीत ट्रामाडॉल किंवा कोडीन (अफूच्या वर्गातली वेदनाशामकं) असेल तर मात्र परस्पर बंद करू नका.

झटके वारंवार येत असतील तर ते टाळण्यासाठी रोज घ्यायचं वेगळं औषध असतं. त्यातलं प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णांना देत नाहीत, त्यामुळे इन्हेलरचं आधी सांगा. दुसरं म्हणजे त्या चमकत्या रेषा. त्या दिसत असतील आणि ताई इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेत असतील, तर पक्षाघाताचा धोका वाढतो. डॉक्टर विचारोत न विचारोत, हे सांगाच.

जुना, ठरावीक पद्धतीचा मायग्रेन असेल आणि तपासणीत काही वावगं नसेल तर सहसा एमआरआय लागत नाही. पण क्षणात टोकाला गेलेली डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं, यांपैकी काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही अंगावर काढायची नसते.

प्रतिसाद

माझा डोकेदुखीचा प्रकार वेगळा, क्लस्टर डोकेदुखी. उजव्या डोळ्यामागे सुरी खुपसल्यासारखं दुखतं, त्याच डोळ्यातून पाणी येतं, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते. तास-दीड तास, आणि बऱ्याचदा रात्री ठरलेल्या वेळी. मायग्रेनवाला पडून राहतो, मला मात्र एका जागी बसवत नाही, येरझाऱ्या घालतो. मलाही बरीच वर्षं सायनसचीच औषधं चालू होती. निदान झाल्यावर मास्कने शुद्ध ऑक्सिजन सुरू झाला आणि झटके पंधरा-वीस मिनिटांत आटोक्यात यायला लागले. ताईंना न्यूरॉलॉजिस्टकडेच न्या, आणि जाताना वही घेऊन जा: तारीख, किती वेळ दुखलं, कुठली बाजू, पाळी, झोप, उपास, कोणती गोळी किती वाजता. माझं निदान त्या वहीवरूनच झालं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. गोळीच्या पट्टीमागचे घटक वाचले: पॅरासिटामॉल आणि कॅफिन, ट्रामाडॉल-कोडीन नाही. वही आजपासून सुरू. दिवाळीच्या सुट्टीत गोळ्या थांबवायला ताई तयार आहे, पण त्या आठवड्यात मायग्रेनचा मोठा झटका आला तर काय घ्यायचं, याची तिला फार धास्ती आहे. डॉक्टरांना विचारणारच आहोत. तरी ज्यांनी अशा गोळ्या सोडल्या आहेत त्यांनी ते दिवस कसे काढले, हे लिहाल का? तिला वाचून दाखवेन.