घोटा मुरगळलाय अन् रेस जानेवारीत आहे, बाहेरची प्रॅक्टिस चालू ठेवू की नको?

देवळाईकर (छत्रपती संभाजीनगर)

राम राम मंडळी. जरा लांबण लागणारंय, सांभाळून घ्या. आम्ही तिघं दोस्त मिळून जानेवारीत पुण्याकडच्या एका ॲडव्हेंचर रेसला उतरायलोत. डोंगरात चालणं-पळणं, सायकल, कयाक (वल्ह्याची छोटी होडी), सगळं एकामागं एक, वर नकाशा बघून चेकपॉइंट हुडकायचे, जीपीएस नाही. फी भरून झाली, बूट आले, आणि परवाच्या रविवारी म्हैसमाळहून उतरताना गवतात दडलेल्या दगडावर डावा पाय पडला अन् घोटा आतल्या अंगाला वळला. बाहेरच्या घोट्याखाली चांगली लिंबाएवढी सूज आली. कसाबसा लंगडत डांबरीपर्यंत आलो, तिथून गाडीवर घरी. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे, लिगामेंट ताणलंय, ग्रेड वन म्हणजे सगळ्यात हलकं म्हणाले. क्रेप बँडेज दिलं आणि आराम करा म्हणाले, पण आराम म्हणजे नेमकं काय ते काही सांगितलं नाही.

आता घरात ज्याचं त्याचं वेगळंच. आजी म्हणतीय आंबेहळद अन् तुरटीचा लेप लाव, मामा म्हणायलेत गावाकडं एक जण पाय बसवून देतो, एका झटक्यात मोकळा, आणि टीममधला दोस्त म्हणतोय पेनकिलर घे अन् चल. सूज उतरत आलीय, सपाटीला चालताना दुखत नाही, जिना उतरताना मात्र खटकन कळ येतीय.

घरात बसून डोकं फिरायलंय राव. पाऊस उघडलाय, हवा मस्त झालीय, आपल्याकडं डोंगरात पळायचे हेच तर चार महिने, मार्चनंतर सकाळी नऊलाच बाहेर उभं राहवत नाही. सायकल चालवू का? देवगिरीच्या पायऱ्या हळूहळू चढल्या तर? कयाकची प्रॅक्टिस कुठं अन् कशी करू? कुणाला अनुभव असंल तर सांगा.

---

बालाघाटचा_गडी (बीड)

काय होत नाही भावा. आमच्याकडं कार्तिकात कपिलधारला लोकं कुठून कुठून पायी येतात, पायाला फोड, घोटे सुजलेले, तरी चालतातच की. मी पण एकदा पट्टी आवळून पळलोय. पायाला जास्त लाडावलं की तो डोक्यावर बसतो.

---

फिजिओ_ताई_लातूर

गडी दादा, वारीला जाणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे, पण ते डांबरी रस्त्यानं चालतात, रात्री मुक्कामाला पाय वर करून झोपतात. या दादांना अंधारात पाठीवर सॅक घेऊन डोंगर उतरायचाय. त्यात लई फरक आहे.

देवळाईकर दादा, तुमचा एक्स-रे झालाय ते बरं झालं. बाकीचे वाचणारे आहेत त्यांच्यासाठी सांगते, प्रत्येक लचकेला एक्स-रे लागतोच असं नाही. आम्ही ओटावा रूल्स म्हणून एक साधी तपासणी करतो. मुरगळल्यावर लगेच आणि नंतर दवाखान्यात, दोन्ही वेळा चार पावलंसुद्धा टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला किंवा टोकाला दाबून दुखलं, किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या रेषेत मधोमध जे हाड वर येतं तिथं, नाहीतर पावलाच्या आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखलं, तर एक्स-रे काढायचाच. मांसात, हाडाच्या पुढं-खाली दुखतंय आणि लंगडत का होईना चालता येतंय, तर बहुतेक लिगामेंटच असतं.

आता आजीचा लेप. लावू द्या, त्यानं नुकसान काही नाही, आजीपण खुश. पाय बसवणाऱ्याकडं मात्र अजिबात जाऊ नका. तुमचं काही निखळलेलंच नाही तर तो बसवणार काय? जे लिगामेंट जुळायला लागलंय त्यालाच तो पुन्हा झटका देणार. गरम तेलानं रगडून मालीश पण इतक्यात नको.

बर्फाचं विचाराल म्हणून आधीच सांगते. ते आरआयसीई, म्हणजे आराम-बर्फ-पट्टी-पाय वर, हे डॉ. गॅब मर्किन यांनी १९७८ साली मांडलं, आणि पुढं २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम यानं भरून यायला उशीरही लागू शकतो. दुखणं दबायला थोडा वेळ बर्फ ठीक, पण लिगामेंटला हळूहळू वजन पाहिजे असतं, त्याशिवाय त्याचे धागे नीट ओळीत बसत नाहीत. म्हणून पलंगावर पडून राहणं हा आराम नव्हे. दुखणं दहापैकी तीनच्या आत राहतंय आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा कडकपणा वाढलेला नाही, एवढं सांभाळून जे जमतंय ते सगळं करा.

आणि खरी गोम इथंय. सूज उतरली म्हणजे घोटा तयार झाला असं नसतं. लिगामेंटमध्ये बारीक नसा असतात, पाय किती कलला ते त्या मेंदूला कळवतात, मग पोटरीच्या बाहेरचे स्नायू पटकन ताणून पाय सावरतात. मुरगळलं की ही खबर पोचायला उशीर होतो. दुखत नाही म्हणून गडी पळायला जातो, दगड येतो, खबर उशिरा पोचते, पुन्हा तोच घोटा. दरवर्षी तोच पाय मुरगळणारे पेशंट माझ्याकडं कितीतरी येतात.

तेव्हा आजपासून एका पायावर उभं राहायचं. दात घासताना उभे राहा, भिंत जवळ असू द्या. जमलं की डोळे मिटून, मग उशीवर. रबर बँड खाटेच्या पायाला बांधून पाऊल बाहेरच्या दिशेनं ओढा. टाचा उचला, आधी दोन्ही पायांवर, मग एकट्या डाव्यावर. आणि भिंतीसमोर पाऊल ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून बघा, दोन्ही पायांत अंगठ्यापासून भिंतीचं अंतर सारखं येतंय का. डावं कमी असणार. जिना उतरताना कळ येते ती त्याचीच, घोटा पुढं वाकत नाहीय.

पेनकिलर घेऊन पळणं तर विसरूनच जा. दुखणं ही एकच सूचना देणारी गोष्ट शिल्लक आहे ती पण बंद करायची, आणि वर उन्हात, कमी पाण्यात त्या गोळ्यांचा किडनीला त्रास तो वेगळाच.

---

नकाशेवाला_जुना (छत्रपती संभाजीनगर)

ताईंनी पायाचं सगळं सांगितलंच आहे, मी डोक्याचं सांगतो. मित्रा, तुमच्या टीममध्ये नकाशा कोण बघतो? नक्की ठरलेलं नसंल तर आजपासून तू बघ. ह्या रेसमध्ये नवखी पोरं पळण्यात नाही, चुकण्यात वेळ घालवतात. डोंगराची एक चुकीची सोंड उतरलास की तासभर गेला, आणि तो पळून भरून काढायला जातोस तेव्हाच असे घोटे मुरगळतात.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारे नकाशे, त्यांच्या साइटवर मिळतात, १:५०,००० स्केलच्या, म्हणजे नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर. कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ, २० मीटरला एक. गौताळ्याची किंवा वेरूळ-म्हैसमाळच्या डोंगराची शीट छापून घे आणि घरात जमिनीवर पसरून बस. सोंड कुठली, घळ कुठली, खिंड कुठं, पठाराची कड कुठं तुटते ते पेन्सिलीनं काढ. आपल्या डोंगरांची गंमत अशी की वर सपाट पठार आणि कडेला एकदम कडा, कंटूर एकमेकांना चिकटलेले. तिथं सरळ रेषेत बेअरिंग, म्हणजे कंपासवरची दिशा, धरून निघालास तर कड्याच्या तोंडावर जाऊन उभा राहशील. दोन चेकपॉइंटमध्ये दोन-तीन वाटा काढ आणि प्रत्येकीचं अंतर अन् चढ मोजून कुठली परवडते ते ठरव. ह्याला घोटा लागत नाही.

सपाटीला चालता येतंय म्हणतोस ना, मग विद्यापीठाच्या आवारात सकाळी जा, गोगाबाबा टेकडीवर चढू नकोस, खालच्याच रस्त्यांवर पावलं मोज. शंभर मीटरला डावा पाय किती वेळा पडतो तो तुझा आकडा. आत्ता लंगडत वेगळा येईल, बरा झाल्यावर पुन्हा मोज. चढावर वेगळा, सॅक घेतल्यावर वेगळा, रात्री तर आणखीनच वेगळा. कंपासचं म्हणशील तर आपल्या भागात चुंबकीय उत्तर अन् खरी उत्तर यातला फरक नगण्य आहे, तिकडं युरोप-अमेरिकेचे व्हिडिओ बघून उगं वजाबाकी करत बसू नकोस.

आणि टीमला घोट्याचं खरं सांग. ह्या खेळाचा नियमच असा की सगळ्यांनी सोबत राहायचं, एक जण बसला की टीम रँकिंगमधून बाहेर. १९८९ साली न्यूझीलंडमध्ये रेड गॉल्वाझ नावाची ॲडव्हेंचर रेस झाली, तिथपासून हेच चालत आलंय. मोठ्या रेसमध्ये तर ज्याचा पाय दुखतो त्याची सॅक दुसरा घेतो, कमरेला लवचिक दोरी बांधून ओढतात, त्यात लाज कसली. २०१९ ला फिजीत इको-चॅलेंज ही अशीच रेस झाली, ६६ टीम होत्या, आपल्याकडच्या ताशी अन् नुंगशी मलिक बहिणी टीम घेऊन गेल्या होत्या, त्या रेसवरची मालिका बघून काढ. बघायला दिवस आहेतच तुझ्याकडं आता. बाकीचे कसे पळतात ते नको बघू, अडचण आल्यावर टीम एकमेकांशी कशी बोलते ते बघ.

---

गोदाकाठ_सायकल (नांदेड)

सायकलचं मी सांगतो. चालव, पण क्लिपवाले पॅडल काढून ठेव. बूट सोडवायला टाच बाहेर पिळावी लागती ना, तो पीळ नेमका ह्याच घोट्यावर येतो. आणि सिग्नलला गडबडीत बूट सुटला नाही की दाणकन डाव्या अंगावर आडवा. साधे सपाट पॅडल लाव, पहिले काही दिवस सपाट डांबरी, बसूनच चालव, उभं राहून चढ मारू नको. थांबताना उजवा पाय टेकवायची सवय लाव, हे सांगायला सोपं, आयुष्यभर डावा टेकवत आलेल्या माणसाला लई अवघड जातं.

शेताच्या वाटांनी तर आत्ता जाऊच नको. सोयाबीन काढणी चाललीय, कापल्यावर जे खुंटं राहतात ते तिरके अन् टोकदार, टायरमधून आरपार जातात. बाभळीचे काटे अन् गोखरू आहेतच. पंक्चर झालं की सायकल खांद्यावर घेऊन ढेकळातून चालावं लागतं, म्हणजे जे टाळायलो तेच. ट्यूबमध्ये सीलंट भरून घे.

कयाकला लोकं समजतात नुसते हात लागतात. तसं नाही, जोर पायातून येतो, फूटपेगवर, म्हणजे होडीतल्या पाय टेकवायच्या आधारावर, पाय रेटून कंबर फिरवायची. म्हणून आधी डाव्या पायानं हळू रेटून बघ दुखतंय का. नाथसागर तुला जवळ आहे पण ते पक्षी अभयारण्य आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय बोट टाकू नको. मासेमारीची जाळी असतात, दुपारनंतर वारा सुटला की त्या एवढ्या उघड्या पाण्यावर चांगल्या लाटा उठतात. लाइफ जॅकेट घालूनच, अन् एकटा नाहीच. तोवर पोहायच्या टाकीत जा. मांड्यांत पुल बॉय (पाय तरंगत ठेवणारा फोमचा तुकडा) धरून नुसत्या हातानं पोह, लाथा मारल्या की घोटा ताणला जातो. घरी खिडकीच्या गजाला रबर बांधून जमिनीवर बसून वल्हं मारल्यासारखं ओढ, कंबरेतून.

---

देवळाईकर

लई आभार मंडळी. ताई, ते भिंतीचं करून बघितलं, उजवा पाय चार बोटं लांब ठेवून गुडघा टेकतोय अन् डाव्याचा भिंतीला चिकटला तरी टाच उचलायलीय. म्हणजे दुखत नसलं तरी काम बाकी आहे. एका पायावर डोळे मिटून तर उभंच राहता येईना, आणि खरं सांगायचं तर उजव्यावर पण फार वेळ नाही जमलं.

टोपोशीट डाउनलोड केली, बायको विचारायलीय घर विकत घ्यायलाव का कुठं.

आता एकच विचारतो, डोंगरात परत कधी? आठवडे सांगा म्हणजे टीमला सांगता येईल. आणि ते अँकल ब्रेस घेऊ का, की त्यानं पाय कमजोर पडतो?

---

फिजिओ_ताई_लातूर

ग्रेड वनला लोक साधारण एक ते तीन आठवड्यांत पळायला लागतात, पण तो आकडा सपाट मैदानाचा आहे, डोंगराचा नव्हे. म्हणून टीमला तारीख सांगू नका, टप्पे सांगा. भिंतीचं अंतर दोन्ही पायांचं सारखं झालं, एका पायावर डाव्या-उजव्यात फरक दिसेना, एकट्या डाव्या पायावर वीसेक वेळा टाच न थांबता उचलता आली आणि त्याच पायावर लंगडीची उडी मारून न डगमगता थांबता आलं, की पळणं सुरू करा. आधी डांबरी किंवा मैदान, मिनिटभर पळणं, मिनिटभर चालणं. ते पचलं की मुरमाचा कच्चा रस्ता. मग डोंगराचा चढ, आणि उतरताना गाडीरस्त्यानं चालत. पायवाटेची उतरंड सगळ्यात शेवटी, कारण उताराला पाऊल पुढं ताणलेलं असतं आणि त्या स्थितीत घोटा सगळ्यात कच्चा असतो, तुमचा मुरगळला तोही उतरतानाच.

काळ्या रानात मात्र इतक्यात पळू नका. ओलं असलं की बुटाला किलोभर चिखल चिकटतो आणि वाळलं की भेगा पडतात, त्यात पाऊल अडकलं की सुटत नाही. देवगिरीच्या पायऱ्या चढायला हरकत नाही, पण ती अंधारी, म्हणजे किल्ल्यातला काळोखा भुयारी रस्ता, अजिबात नको. पायरीची उंची कमी-जास्त, वर वटवाघळांची घाण, पाय कुठं पडतोय ते दिसत नाही. आणि चढलेलं उतरावं लागतंच, तिकीट काढायच्या आधी तो विचार करा.

ब्रेस घ्या, लेसचा असतो तो. त्यानं स्नायू कमजोर पडतात ही भीती व्यायाम सोडणाऱ्यांनी बाळगावी. एकदा मुरगळलेल्याला पुन्हा मुरगळण्याचा धोका पहिलं वर्षभर जास्त राहतो, त्यामुळं रेसमध्ये आणि डोंगरात घालाच, घरात अन् व्यायामाला काढून ठेवा. फक्त आधी त्याच बुटात, त्याच मोज्यात घालून दोन-तीन तास चालून बघा, कयाक सेक्शननंतर ओल्या मोज्यावर ब्रेस घासून फोड येतात. सुके मोजे झिपच्या पिशवीत ठेवायचे.

---

बालाघाटचा_गडी

ताई, ते एका पायावर उभं राहायचं आत्ता करून बघितलं. उजव्यावर ठीक आहे. पट्टी आवळून पळलो होतो तो डावा, त्याच्यावर दहा सेकंद पण राहिना. लातूरला दवाखाना कुठं म्हणालात?