डी२ रिसेप्टर नेमका कुठल्या न्यूरॉनवर आहे हे कसं दाखवायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी पुण्यात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट उंदराच्या मेंदूवर. स्ट्रायटममध्ये (मेंदूच्या आतला, हालचालींशी संबंधित भाग) डोपामिनचा (पेशींमधला निरोप्या रेणू) डी२ रिसेप्टर, म्हणजे डोपामिन पकडणारं प्रथिन, कुठल्या पेशींवर आहे ते दाखवायचंय आणि तिथेच तीन आठवडे अडकलेय.

वाचताना सोपं वाटतं. उंदरात तिथल्या साधारण ९५ टक्के पेशी मीडियम स्पायनी न्यूरॉन (स्ट्रायटमबाहेर निरोप पाठवणाऱ्या पेशी), त्यांतल्या डायरेक्ट पाथवेवाल्यांवर (थेट मार्ग) डी१ आणि सोबत सबस्टन्स पी, इनडायरेक्टवाल्यांवर (वळणाचा मार्ग) डी२ आणि एनकेफॅलिन (ही दोन्ही पेशी ओळखायला उपयोगी पेप्टाइड), हे संशोधक गरफेन आणि मंडळींनी १९९० मध्येच दाखवलंय. पण डी२ कोलिनर्जिक इंटरन्यूरॉनवरही (ॲसिटिलकोलिन बनवणाऱ्या, तिथल्या तिथे जोडणाऱ्या पेशी) असतो, शिवाय मिडब्रेनमधल्या सबस्टॅन्शिया नायग्राकडून येणाऱ्या डोपामिन ॲक्सॉनच्या (पेशीच्या लांब तंतूंच्या) टोकांवरही, आणि हे सगळं एकाच जागी एकमेकांत गुंतलेलं.

मी ४० मायक्रॉनचे सेक्शन घेऊन डी२ आणि चॅटच्या (कोलिनर्जिक पेशींची खूण असलेलं एन्झाइम) अँटीबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटणारे रेणू) लावल्या. चॅटच्या पेशी मस्त आल्या, मोठ्या टपोऱ्या, एकेक मोजता येते, पण डी२ म्हणजे सगळीकडे धुकं, कुठली पेशी कुठे संपते तेच कळेना. नुसती सेकंडरी (प्रायमरीला, म्हणजे प्रथिनाला चिकटणाऱ्या पहिल्या अँटीबॉडीला, पकडून चमकणारी दुसरी अँटीबॉडी) लावलेली स्लाइड काळी आली म्हणून मी खूश झाले तर सर म्हणाले, याने सेकंडरीचं कळलं, प्रायमरी डी२लाच चिकटतेय कशावरून? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नवीन अँटीबॉडी मागवू की पद्धतच बदलू? चुकीचा रंग थिसिसमध्ये छापायचा नाहीये मला, प्लीज सांगा.

---

ताई, तुमच्या सरांचं बरोबर आहे. आधी कुणाकडे डी२ नॉकआउट (डी२चं जनुकच बंद केलेल्या) उंदराचे सेक्शन मिळतात का विचारा, त्यावरही धुकं आलं तर ती अँटीबॉडी बाजूला ठेवा, डी२च्या अँटीबॉडीत हा त्रास बऱ्याच जणांना झालाय. मी तुमच्या जागी असतो तर फ्लुओरेसन्ट इन सिटूच (पेशीतल्या आरएनएला चिकटणारे चमकते प्रोब लावायची पद्धत) केलं असतं, डीआरडी२ (डी२चं जनुक), एनकेफॅलिन आणि चॅट असे तीन प्रोब एकत्र. ठिपके पेशीच्या अंगात दिसतात त्यामुळे कुणाचे ते कळतं.

फक्त एक ध्यानात ठेवा, प्रोब आरएनए दाखवतो, रिसेप्टर नाही. ॲक्सॉनच्या टोकांवरच्या डी२चा आरएनए स्ट्रायटममध्ये शोधू नका, त्या पेशींचं अंग मिडब्रेनमध्ये आहे, तिथले सेक्शन कापून टीएचसोबत (डोपामिन बनवणाऱ्या पेशींची खूण) बघा. आहेत का मिडब्रेनचे तुकडे शिल्लक? असतील तर मायनस ऐंशीच्या फ्रीजरमधून बाहेर काढू नका, आधी प्रोटोकॉल ठरवू. मी पाषाणलाच असतो, शनिवारी स्लाइड घेऊन या.