प्रति: व्हॅक्युम ट्यूब आता म्युझियममध्येच शोभतात
वर कुणीतरी विचारलंय, सेमीकंडक्टरच्या जमान्यात व्हॅक्युम ट्यूब (निर्वात नळीत इलेक्ट्रॉनचा बीम सोडून काम करणारं उपकरण) कशाला उकरून काढायच्या. अहो टेराहर्ट्झला (सेकंदाला लाख कोटी कंपनं) जरा पॉवर मागितली की चिपवाले हात टेकतात, म्हणून. खरी गोची साइझची आहे, १ टेराहर्ट्झला वेव्हलेंग्थ ०.३ मिमी, म्हणजे इलेक्ट्रॉन बीमचं भोक त्याहून बारीक आणि बीम भिंतीला न घासता न्यायचा, त्यात करंट तांब्याच्या वरच्या जेमतेम ०.०७ मायक्रॉन थरातूनच वाहतो, त्यामुळे पृष्ठभाग किंचित खरबरीत राहिला तरी पॉवर तिथेच गरम होऊन गेली. साध्या मशीनिंगचं कामच नाही, सिलिकॉन एचिंग (चिपसारखं सिलिकॉन कोरून काढणं) वगैरे लागतं. जायरोट्रॉनमध्ये (चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गोल फिरवून लहरी काढणारी ट्यूब) भोक मोठं चालतं, पण मॅग्नेट? २००८मध्ये रशियातल्या निझनी नोवगोरोदच्या संशोधकांनी त्यातून १ टेराहर्ट्झ काढून दाखवलं, त्याला पल्स्ड (क्षणभरच टिकणारं) चुंबकीय फील्ड लागलं जवळपास ३८ टेस्ला! एवढं मॅग्नेट म्हटल्यावर ट्यूब कॉम्पॅक्ट कसली डोंबलाची.