डेंग्यू: आरोग्य खात्याचे लोक नेमकं काय करतात?

प्रश्न: सोलापूरच्या विडी घरकुल वसाहतीत राहते. नळाला रोज पाणी नाही, म्हणून पिंपं भरलेलीच असतात. शेजारच्या पोराला डेंग्यू झालाय. माझी लेक नऊ महिन्यांची, जीव थाऱ्यावर नाही.

उत्तर: ताई, आशाताईंना किंवा नागरी आरोग्य केंद्रात कळवा. रुग्णाच्या आसपासची घरं तपासतात, पाण्यात अळीनाशक टाकतात, धुरळणी करतात. पण धुरानं फक्त उडते डास मरतात. अंडी पिंपाच्या कडेला चिकटतात, आठवड्या-दहा दिवसांत डास होतो. आठवड्याला कडा घासाच.

प्रश्नकर्ती: पाणी ओतायला जीव होत नाही हो.

उत्तर: ओतू नका, दाट फडक्यानं गाळून दुसऱ्या पिंपात घ्या, झाकून ठेवा.

दुसरं उत्तर: लेकीला गोवर-रुबेलाचा पहिला डोस द्यायची वेळ झालीय. केंद्रात मोफत मिळतो, कार्ड न्या.