मदत हवी आहे: पॅच मारलेला जीसीसी ४.९ बिल्ड होत नाही

बिट_पाखरू: नमस्कार मंडळी. चिपवाल्यांनी स्वतःचे पॅच (बदल) मारलेला जीसीसी ४.९ हा कंपायलर दिलाय, तो सोर्सवरून बिल्ड करतोय. त्यांच्या प्रोसेसरच्या जादा इन्स्ट्रक्शन त्यात आहेत, त्यामुळे साधा जीसीसी चालणार नाही, हे आधीच सांगतो. बिल्डची पहिली पायरी, कॉन्फिगर, नीट होते; पुढची, मेक, मात्र वीसेक मिनिटांनी 'एरर २' देऊन थांबते. तीन रात्री गेल्या. सोमवारी बोर्ड चालू करून दाखवायचाय, लवकर सांगा.

लॉगवाचक: 'एरर २' म्हणजे आत कुठेतरी काहीतरी फुटलं, एवढंच. खरी एरर वर कुठेतरी असते. मेकला -जे८ (एकाच वेळी आठ कामं) लावलं असेल तर सगळा आउटपुट एकमेकांत मिसळतो. -जे१ ने चालवून पहिली एरर टाका. टार्गेट, म्हणजे बोर्डचा प्रोसेसर, कुठला? होस्टवर, म्हणजे तुमच्या पीसीवर, कंपायलर कुठला?

जुना_मेकर: एवढी झटापट कशाला? बिल्डरूट घ्या, ते बोर्डसाठी अख्खी लिनक्स सिस्टिम बांधून देतं. मी चार बोर्ड त्यावरच उठवले. मेन्यूत आर्किटेक्चर निवडलं की काम झालं.

मेकफाइल_वाली: पण त्यात हे पॅच कुठून येणार?

जुना_मेकर: बाहेरची टूलचेन (कंपायलर आणि सोबतची साधनं) जोडता येते.

मेकफाइल_वाली: अहो, ती टूलचेनच तर बनत नाहीये!

बिट_पाखरू: टार्गेट मिप्सेल (मिप्स प्रोसेसरचा लिटल-एंडियन प्रकार), होस्टवर जीसीसी १३. पहिली ओळ: 'अ‍ॅक्लोकल-१.११ इज मिसिंग ऑन युवर सिस्टिम'. अ‍ॅक्लोकल ज्यात येतं ते ऑटोमेक तर टाकलेलं आहे!

मेकफाइल_वाली: सोर्स गिटवरून क्लोन केलाय ना? गिट फाइलींच्या वेळा जपत नाही. मग मेकला वाटतं कॉन्फिगर शिळं झालंय, ते परत बनवायला जातं आणि नेमकं १.११ मागतं. कॉन्ट्रिब फोल्डरमधली जीसीसी_अपडेट स्क्रिप्ट --टच देऊन चालवा, ती वेळा नीट लावते. मात्र पॅचमध्ये कॉन्फिगर.एसी (ज्यापासून कॉन्फिगर बनतं ती फाइल) बदललं असेल आणि कॉन्फिगर नव्याने बनवलेलं नसेल, तर टच करून चालणार नाही. मग कॉन्फिगर बनवणारं ऑटोकॉन्फ २.६४ शोधावंच लागेल.

बिट_पाखरू: टचने पुढे सरकलं! आता सीएफएनएस.एच मध्ये 'रीडिक्लेअर्ड इनलाइन… ग्नू_इनलाइन'.

लॉगवाचक: जीसीसी ६ पासूनच्या होस्टवर जुना जीसीसी बांधला की हे येतंच. ती फाइल सी++ च्या भागातली आहे. पहिल्या फेरीत --एनेबल-लँग्वेजेस=सी द्या, किंवा जुनी लिनक्स डिस्ट्रो कंटेनरमध्ये (होस्टपासून वेगळ्या ठेवलेल्या वातावरणात) घेऊन तिथे बांधा. मी कंटेनरच वापरतो.

मुक्तस्रोत: जीसीसी ४.९ जीपीएल ३ या मुक्त परवान्याखाली आहे. चिपवाल्यांनी बायनरी (तयार बांधलेला कंपायलर) वाटली असेल तर बिल्डच्या स्क्रिप्टही द्याव्याच लागतात. हक्काने मागा, लाजू नका.

बिट_पाखरू: बायनरी दिली आहे, पण ती खराब आहे. फाइल समोर दिसते तरी 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणते, म्हणून तर सोर्सकडे वळलो.

लॉगवाचक: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! बायनरी ३२-बिट असणार आणि तुमचा होस्ट ६४-बिट. सापडत नाहीये तो तिचा लोडर (तिला मेमरीत चढवणारा प्रोग्राम), फाइल नव्हे. होस्टवर आय३८६ आर्किटेक्चर जोडा, लिबसी, झेडलिब आणि लिबएसटीडीसी++ या लायब्ररी ३२-बिट टाका.

बिट_पाखरू: चालली!! दोन मिनिटांत. हॅलो वर्ल्ड कंपाइल केला, फाइल कमांड 'एल्फ ३२-बिट एलएसबी, मिप्स' दाखवते, म्हणजे मिप्सेलचाच. सगळ्यांचे मनापासून आभार. बोर्डवर टाकून बघतो.

लॉगवाचक: आधी -स्टॅटिक लावून टाका, म्हणजे लायब्ररी प्रोग्राममध्येच येतील. नाहीतर बोर्डवर ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) नसली किंवा जुनी निघाली तर पुन्हा हीच 'नो सच फाइल' किंवा व्हर्जनची एरर दिसेल आणि उगाच कंपायलरवर संशय जाईल.