मेडिएशन म्हणजे परत नांदायला पाठवणं नव्हे
कुणीतरी लिहिलंय की नवरा-बायकोच्या केसमध्ये मेडिएशनला (म्हणजे तटस्थ मध्यस्थासमोर बसून तोडगा काढायला) गेलं की समजूत घालून परत नांदायलाच पाठवतात, तसं नाहीये हो. घटस्फोट पक्का ठरलाय पण पोटगी आणि मुलांवरून अडलंय, अशांचंही तिथे मिटतं. 2013 मध्ये के. श्रीनिवास राव केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, समुपदेशनात जमलं नाही तरी दोघांची तयारी असेल तर मेडिएशनला पाठवा. आणि तिथलं बोलणं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही.

फक्त कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी मान्य करून सही केलेल्या लेखी अटींमध्ये) नुसतं "मुलाला भेटू द्यावे" एवढ्यावर सही करू नका प्लीज, शनिवारी किती वाजता, आणणार-सोडणार कोण, गणपती कुणाकडे, दिवाळी कुणाकडे, शाळेची फी कोण भरणार सगळं लिहून घ्या, नाहीतर दर सुट्टीला पुन्हा तेच भांडण आणि पोराचे हाल. मारहाण झाली असेल, समोर बसायची भीती वाटत असेल तर मेडिएटरला आधीच सांगा, वेगवेगळं भेटूनही बोलतात ते.